आपोआप हो

आई, आज मी माणसाला मारलं. तळवड्याच्या एसी ऑफिसात, सगळ्यांदेखत, स्टीलच्या बाटलीनं, थेट तोंडावर. साहेबाचा ओठ फाटला, शर्टावर रक्त सांडलं. खरं सांगते, दुसरा फटकाही मारणारच होते, पण दोघांनी मला मागून धरलं.

माझं काम तुला कसं सांगू? चाकणच्या कारखान्यात गाड्यांचे दरवाजे उचलणारा रोबोट आहे, त्याचा प्रोग्राम आम्ही करतो. कोड आता एआय लिहितं. माझ्या स्क्रीनवर एकाच ॲपमध्ये सहा खिडक्या उघड्या असतात, सहा कामं एकदम चालू. प्रत्येक खिडकी मध्येच थांबून विचारते, हे करू का? मी वाचते, मग हो म्हणते. माझं हे वाचणंच साहेबाला खुपायचं. परवा त्यानं माझ्या हातातला माउस ओढून घेतला आणि सगळ्या खिडक्यांना 'आपोआप हो' लावून टाकलं. "वाचत काय बसतेस? पोथी आहे का ती?" मग एका खिडकीनं रोबोटभोवतीच्या पिंजऱ्याचं दार बंद आहे का, ही तपासणीच काढून टाकली, कारण तिच्यामुळे चाचणी अडत होती. विचारलं असेल तिनं, पण उत्तर आधीच दिलेलं होतं. काल कुरुळीचा एक टेक्निशियन दार उघडून आत गेला आणि रोबोट थांबला नाही. खांद्याचा चुरा झाला. मी व्हिडिओ पाहिला, आवाजासकट. आज साहेब म्हणतो, "सेटिंग तू लावलंस असं लिहून दे. लॉगिन तुझंच आहे." बाटली तेव्हा माझ्या हातातच होती.

त्या क्षणी मला तू दिसलीस, भोसरीच्या शेडमध्ये, पत्रा कापायच्या प्रेसवर. मी शाळकरी, तुझा डबा घेऊन आलेय. प्रेसची दोन बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे हात आत राहत नाही. सुपरवायझरनं घाईपायी एक बटण सुतळीनं बांधून टाकलंय. शेजारच्या मशीनवरच्या मावशीची बोटं पत्र्याबरोबर कापली जातात आणि तो फडकं घेऊन मशीन पुसायला लागतो. तू त्याचे केस धरून डोकं लोखंडावर आपटतेस. परत आपटतेस. "बाईचा हात गेला, आन् तू मशीन पुसतो व्हय रं?" संध्याकाळी स्वयंपाकघरात पप्पांनी तुला पट्ट्यानं मारलं. माफी माग, कामावर परत घेतील, एवढंच त्यांचं म्हणणं. तुझ्या नाकातून रक्त येत होतं आणि तू म्हणत होतीस, "न्हाई मागनार." पप्पा दमले, तू नमली नाहीस. पुढं लोकांची धुणीभांडी केलीस, पण त्या शेडची पायरी चढली नाहीस.

मला कुणी मारलं नाही, आई. एचआरच्या बाईनं पाणी दिलं, गोड बोलली. माफी माग, सेटिंग मीच लावलं असं लिही, पोलिसात कुणी जाणार नाही, नोकरीही राहील. पुनावळ्याच्या घराचे हप्ते चालू आहेत. बरं आहे, तू आता नाहीस आणि हे पत्र तुझ्यापर्यंत पोचत नाही. मी विचार करायला वेळसुद्धा मागितला नाही. तिथंच सही केली.