सामसूनचा देठ

शनिवार, रात्र. मु. कॅरी.

मिलिंद खोटं बोलतोय, आणि मला नवऱ्याचा राग येत नाहीये. हे काय आहे?

तापानंतर त्याला वास येईनासा झाला होता. परवा म्हणाला, "नाक परत आलं गं, काळजी करू नकोस." आज डाळ करपली, घरभर वास, आणि हा शेजारीच लॅपटॉपवर ढिम्म!

जेवणानंतर आमचा नेहमीचा खेळ. ईरा झाली तेव्हा त्याने पाइप सोडला, पण तुर्की-ग्रीक तंबाखूच्या बरण्या काही सुटत नाहीत. तो डोळे मिटतो, मी एकेक सुकं पान हातात देते, तो हुंगून ते कुठल्या मुलखाचं ते सांगतो. आज तिन्ही बरोबर! इझमीर म्हणे मधासारखं गोडसर, बास्मा फुलांसारखं. ईरा ओरडली, "बाबा, यू ऑलवेज विन!"

मग डाळीचं काय?

भांडी लावताना त्याचा अंगठा आठवला. हुंगण्याआधी तो पानाच्या बुडाशी जात होता. तिसरं पान सामसूनचं, त्याला देठ असतो, बाकी दोघांना नाही. त्यात बास्माचं पान सगळ्यात इवलं. म्हणजे साहेब बोटांनी ओळखतात आणि वास आठवणीतून सांगतात. आम्ही घाबरू नये म्हणून.

आत्ता कात्री घेऊन बसले होते. सामसूनचे देठ कापले की पुढच्या शनिवारी सापडेल. एक पान उचललंही.

मग परत ठेवलं, झाकण घट्ट लावलं. डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतेच, त्याला कारण काय सांगायचं ते बघू. देठ मात्र राहू देत. ईरासमोर हरायला नको तो.