वीस अंशांचा चढ

३ फेब्रुवारी
यंत्र वर आलं! वर्षभर समुद्रात सातशे मीटर खोल तळावर बसून प्रवाहाची दिशा टिपत होतं. नोंदी शाबूत. हुश्श!

५ फेब्रुवारी
आलेख काढला. किनाऱ्यापासून दूर समुद्राचा तळ एकदम उतरत जातो. त्या उतारावर प्रवाह सहसा ना खाली घसरत, ना वर चढत. डोंगराच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यासारखा आडवा, सारख्या खोलीवरून वाहतो. सगळी पुस्तकं हेच सांगतात. फक्त आमचे सर वीस वर्षं म्हणताहेत, "आपल्या इथे तो तिरका चढतो." लोक हसतात. आणि माझा आलेख — वीस अंश तिरका, वर!
सर उठून उभेच राहिले. एवढा कडक माणूस, चष्मा काढून डोळे पुसत होता. जूनमध्ये निवृत्ती. "जाता जाता खरा ठरलो गं!"

६ फेब्रुवारी
आई म्हणाली, "पाणी कधी चढ चढतं का? बिघडलं असेल तुमचं काहीतरी." तिच्यावर उगीचच खेकसले.

९ फेब्रुवारी
नोंदवही चाळली. गेल्या वर्षी यंत्र समुद्रात सोडण्याआधी त्यातलं होकायंत्र जुळवलं बारा तारखेला. बॅटरी बसवली तेराला — मीच. आमच्याकडे पहिल्यापासून असंच: बॅटरी वाया नको म्हणून सगळ्यात शेवटी. पण बॅटरीला लोखंडी कवच असतं. लोखंड जवळ आलं की होकायंत्र फसतं. उद्या तपासायलाच हवं.

१० फेब्रुवारी
संस्थेच्या मागच्या अंगणात लाकडी टेबलावर यंत्र ठेवलं. तळावर त्याचं तोंड होतं त्याच दिशेला. बॅटरी काढून, बाहेरून वीज देऊन — बरोबर. बॅटरी घालून — वीस अंश चूक. तीनदा केलं. तीनदा वीस.

११ फेब्रुवारी
सरांचा लेख तयार. पहिलं नाव माझं! "यावर तुझी नोकरी कायम होईल बघ." मी मान डोलावली. भित्री कुठली!

१२ फेब्रुवारी
सांगून टाकलं. नोंदवही, अंगणातले आकडे, सगळं पुढ्यात ठेवलं. सरांनी एकेक ओळ बोटाने वाचली. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी रडले, त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. जेवायला मात्र आले नाहीत.

१३ फेब्रुवारी
सकाळीच बोलावलं. "बॅटरी शेवटी बसवायची, हे तुला कुणी शिकवलं?"
"मीच," तेच पुढे म्हणाले. ज्यांवरून ते 'तिरका चढतो' म्हणत आले, त्या वीस वर्षांपूर्वीच्या नोंदींची फाइल कपाटातून काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "आता ही तपास."