लाल एमजीचा खरा भाव

मी, केरू चिमाजी ढोमसे, वय पंच्याहत्तर, धंदा मोटार गॅरेज (आता बंद), राहणार सिडको, नाशिक, आज घरी जेवणाच्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने हे लिहितो आहे. फेब्रुवारीत माझ्या हृदयात दोन स्टेंट बसवले, पण डोकं शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर दबाव टाकणारं या घडीला घरात कोणी नाही. ज्यांना टाकायचा होता, त्यांना मी दारातूनच परत पाठवलं आहे. २०१९ साली केलेल्या मृत्युपत्रात मी सगळं मुलाला, दीपकला दिलं होतं. ते रद्द समजावं. इथून पुढे हेच खरं.

वकीलबाईंनी कच्चा मसुदा वाचला आणि म्हणाल्या, "काका, कोणाला काय द्यायचं तेवढंच लिहायचं असतं. का द्यायचं ते नको." मी म्हटलं, मी नाही लिहिलं तर माझ्यामागे पुतण्या दिनेश सांगत फिरेल. मग त्यांनी फक्त कलमांना आकडे घालून दिले.

१. माझी पत्नी चंद्रभागा २०२१ मध्ये वारली. मला दोन अपत्यं. मुलगी चि. सौ. उज्वला ओझरला शाळेत शिकवते. मुलगा दीपक. त्याच्या नावाआधी चि. लिहिलेलं नाही, ते चुकून राहिलेलं नाही. दिनेश हा माझ्या मयत धाकट्या भावाचा मुलगा. इंदिरानगरला जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतो. तो माझा वारस नाही. तरी त्याचं नाव इथे घेतो, कारण त्याला माझ्या मिळकतीतला एक पाना-पक्कडही मिळू नये हे लेखी असलेलं बरं.

२. सिडकोतलं राहतं घर, त्यातल्या सर्व चीजवस्तू, चंद्रभागेचे दागिने आणि बँकेतली ठेव उज्वलाला द्यावी. हे सगळं माझ्या स्वकष्टाचं आहे, वडिलोपार्जित यात काही नाही. मी नऊ दिवस दवाखान्यात होतो, तेव्हा उज्वला रोज शाळा सुटल्यावर ओझरहून बसने यायची. दीपक दोनदा आला आणि दोन्ही वेळा गाडीचे कागद कुठे ठेवलेत ते विचारून गेला. उज्वला मला म्हणाली, "बाबा, घर निम्मं दादाला द्या." तिचं म्हणणं मी ऐकून घेतलं आणि नाकारलं.

३. आता गाडी. एमजी टीडी, १९५१ सालची, दोन माणसांची, कापडी टपाची, आज रंगाने लाल. माझ्या मिळकतीत भांडण लागावं अशी ही एकच वस्तू आहे आणि भांडण लागलेलंही आहे.

ही गाडी मला २००८ साली पिंपळगाव बसवंतला एका बंद पडलेल्या कोल्ड स्टोरेजमध्ये सापडली. वर द्राक्षाचे क्रेट रचलेले होते, टायर जमिनीत रुतले होते. मालक द्राक्षांचे व्यापारी, ते वारले होते. त्यांच्या पत्नी अक्काबाई जागा रिकामी करत होत्या. मी त्यांच्या टेम्पोच्या कामासाठी गेलो होतो. दीपक माझ्यासोबत होता, बावीस वर्षांचा. अक्काबाई म्हणाल्या, "मला यातलं काही कळत नाय. तुम्ही मिस्तरी आहात. किंमत तुम्हीच सांगा."

मी गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणालो, "भंगार आहे बाई. वीस हजार देतो."

त्या अवस्थेतही त्या गाडीचे अडीच लाख सहज आले असते. हे मला त्या क्षणी माहीत होतं. बाकीच्यांबद्दल पुढे जे लिहिणार आहे ते लिहिण्याआधी हे लिहिणं भाग होतं.

गाडी उभी करायला अकरा वर्षं लागली. या गाडीच्या पत्र्याच्या आत लाकडाचा सांगाडा असतो. तो कुजलेला होता. सुरगाण्याकडचा भिका गावित हा सुतार तेव्हा द्राक्षांच्या हंगामात मजुरीला यायचा. त्याला बोलावलं. त्याने नखाने लाकूड खरवडून पाहिलं आणि म्हणाला, "सडेल हाय, दादा. साचा काढायला ठेवू. बाकी समदं नवं करू." मोटारीच्या सांगाड्याला त्याने तोवर कधी हात लावला नव्हता. जुने तुकडे जमिनीवर मांडून, त्यांवरून सागवानाचे नवे घडवून, तीन हंगामांत त्याने तो सांगाडा असा उभा केला की दार आजही एका बोटाने लागतं. चंद्रभागेने टप शिवला. मी बाकीचं केलं. इंजिनाचा ब्लॉक मात्र उभा फुटलेला होता, त्याला इलाज नव्हता. त्याच कंपनीच्या चार दरवाज्यांच्या गाडीचं तशाच घडणीचं इंजिन मालेगावात एका लूमच्या कारखान्यात जनरेटरला जोडलेलं होतं. ते आणून बसवलं. इंजिन बदलल्याची नोंद गाडीच्या आरसी पुस्तकात करून घ्यायची राहिली. तो माझा आळस.

४. मी दवाखान्यात असताना दीपक आणि दिनेश यांनी गाडी विकायला काढली. भाव अठ्ठेचाळीस लाख. घरी येऊन पाचव्या दिवशी मी रिक्षाने गॅरेजवर गेलो, तर तिथे पुण्याचे एक गृहस्थ गाडी पाहत उभे होते. दिनेश त्यांना सांगत होता, "साहेब, इंजिन जन्मापासूनचं. नंबर पुस्तकाशी जुळवून घ्या. आतलं लाकूड इंग्लंडहून मागवलंय."

या गाडीच्या इंजिनावर एक आठकोनी पितळी पट्टी असते, तिच्यावर नंबर असतो. मी बॉनेट उघडलं. गॅरेजात ठेवलेल्या फुटक्या ब्लॉकवरची मूळ पट्टी काढून मालेगावच्या इंजिनावर बसवली होती. पट्टी जुनी, पण रिबिटं नवी कोरी चमकत होती. रिबिटं मारण्याची ती पद्धत मीच दीपकला शिकवली होती.

मी त्या गृहस्थांना म्हणालो, "साहेब, हे इंजिन या गाडीचं नाही. लाकूड सुरगाण्याच्या माणसाने घडवलेलं आहे. तुमचं टोकन परत घ्या."

गृहस्थांनी विचारलं, "मग खरी किंमत किती?"

"ती मलाच माहीत नाही," मी म्हणालो. "शोधावी लागेल."

ते निघून गेले. दिनेश गाडीवर हात आपटून म्हणाला, "काका, तुमचं एक वाक्य पंचवीस लाखांना पडलं. आता निम्माही भाव येणार नाही." त्याला मी बाहेर काढलं. तेव्हापासून त्याने आमच्या सगळ्या नातेवाइकांत माझं डोकं फिरल्याचं पसरवलं आहे. सोबत जोडलेला दाखला त्याने दोनदा वाचावा.

दीपक मात्र गेला नाही. म्हणाला, "बाबा, गाडी तीच, कंपनी तीच, पट्टीसुद्धा खरीच आहे. खोटं काय आहे त्यात?"

"घेणाऱ्याला माहीत नाही ते."

"आणि अक्काबाईंना माहीत होतं?" तो म्हणाला. "मी होतो तिथे. परत येताना तुम्ही टेम्पोत हसत होता. मला म्हणालात, बघ, धंदा असा करायचा. तेव्हा कुठे गेला होता तुमचा खरा भाव?"

मी त्याच्या थोबाडीत मारली. एकोणचाळीस वर्षांच्या माणसाला मारली. तो शांतपणे किल्ल्या टेबलावर ठेवून निघून गेला. त्याला आठ महिने झाले.

५. त्यानंतर पंधरा दिवसांनी मी पिंपळगावला गेलो. अक्काबाई आता सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत, मुलीजवळ राहतात. ओटीवर लसूण सोलत बसल्या होत्या. मी पिशवीत अडीच लाख रुपये नेले होते. कोण, कशासाठी आलो, सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

"त्या वक्ताला माझा पोरगा नाशकात दवाखान्यात होता," त्या म्हणाल्या. "म्हणून जागा रिकामी करत होते. तुमचे वीस हजार दोन दिवसांत गेले. मग मी दिरांच्या दारात गेले, मग व्याह्यांच्या. पैसे असते तर पोरगा वाचला असता असं मी म्हणत नाय. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण मला त्या दारांत जावं लागलं नसतं."

मी पिशवी पुढे सरकवली.

"उचला ती," त्या म्हणाल्या. "भाव मला तवा पायजे होता. आज तो तुम्हाला पायजे."

"बाई, मी काय करू म्हणजे तुम्ही घ्याल?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही मेल्यावर द्या. तुम्ही जिते असेपर्यंत तुम्हाला बरं वाटेल असं मी काय करणार नाय."

चहा झाला नाही. मुलगी फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, "पुन्हा येऊ नका." हे मृत्युपत्र मी लिहितो आहे ते त्यामुळे. नाहीतर जुनं बदलण्याचा आळस मी आणखी दोन वर्षं केला असता.

६. गाडीचा भाव. लोक किती मागतात ते मी पाहिलं नाही. मागायला कोणी काहीही मागतं. ज्यांनी अशा गाड्या खरोखर विकत घेतल्या त्या तिघांना फोन करून किती मोजले ते विचारलं. दोघांनी सांगितलं, तिसऱ्याने फोन ठेवला. सगळं मूळचं असलेली, चांगली चालणारी गाडी छत्तीस लाखांना गेली आहे. त्यातून इंजिन दुसरं म्हणून सात लाख कमी. दुसरा गिअर घाटात आवाज करतो, दोन लाख कमी. मूळ रंग हस्तिदंती होता, तो दीपकच्या हट्टापायी लाल केला, दोन लाख कमी. वेग दाखवणारा काटा जीपचा आहे, एक लाख कमी. राहिले चोवीस लाख. लाकडाबद्दल मी एक रुपयाही कमी केलेला नाही. ज्याला त्याबद्दल कमी करायचा असेल त्याने दुसरी गाडी शोधावी.

माझ्या मृत्यूनंतर उज्वलाने गाडी चोवीस लाखांना विकावी. मध्ये वर्षं गेली तर पुन्हा तीन घेणाऱ्यांना विचारून याच रीतीने भाव काढावा. वरच्या सगळ्या उणिवा घेणाऱ्याला कागदावर लिहून द्याव्यात आणि त्याची सही घ्यावी. जास्त कोणी देऊ केले तरी घेऊ नयेत. पितळी पट्टी मी काढून फुटक्या ब्लॉकवर परत बसवली आहे. इंजिन बदलल्याची नोंद पुस्तकात जूनमध्ये झाली. फुटका ब्लॉक गाडीसोबत द्यावा.

७. आलेल्या रकमेतून सर्वांत आधी दहा लाख अक्काबाईंना द्यावेत, त्या हयात नसल्यास त्यांच्या मुलीला. द्यायला उज्वलाने स्वतः जावं, माझ्या वतीने माफी मागू नये, रक्कम ठेवून यावं. नंतर आठ लाख भिका गावित यास किंवा त्याच्या वारसांना. त्याला मी रोजावर राबवलं आणि लोक गाडी पाहायला आले तेव्हा सगळं काम माझंच म्हणून मिरवलं. तो शेजारी उभा असायचा. लाकूड इंग्लंडचं म्हणणारा दिनेश माझ्याहून फार वेगळा नव्हता. उरलेल्यातून विक्रीचा खर्च भागवावा, बाकी उज्वलाचं.

८. माझ्या अंत्यविधीला दिनेशने यायचं असल्यास मागे उभं राहावं. बोलू नये.

९. दीपक. त्याला काही द्यायचं नाही असं ठरवून मी हे लिहायला बसलो होतो. मसुद्यात तसंच होतं. त्याने पट्टी बदलली हा गुन्हा आहे आणि मी तो माफ केलेला नाही. तो पुन्हा असं करेल असंही मला वाटतं. पण पंच्याहत्तर वर्षांत मला तोंडावर खरं बोलणारा तो एकच निघाला आणि त्याला मी मारलं.

अंबडच्या गॅरेजचा गाळा, लिफ्ट, वेल्डिंगचा संच आणि सर्व अवजारं दीपकला द्यावीत. अट एकच, गाळ्यावर माझं नाव लावू नये. त्याने स्वतःचं लावावं आणि ते सांभाळावं.

तो हे वाचत असेल तर, दीपक, त्या दिवशी टेम्पोत मी हसत होतो, हे खरं आहे.

१०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी उज्वलाने करावी. हे मी पहिल्यापासून शेवटपर्यंत साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचलं, कुठे खाडाखोड नाही. आम्ही तिघांनी एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या. दोन्ही साक्षीदारांना यातून काही मिळणार नाही.

सही: केरू चिमाजी ढोमसे

साक्षीदार
१) मयूर पगार, औषध दुकानदार, सिडको, नाशिक (सही)
२) मोहिनी देवरे, निवृत्त परिचारिका, शेजारी (सही)

स्थळ: नाशिक
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५