घासलेली चकती

सातारा, ३ मार्च ७७
आमच्या मीटरच्या वर्कशॉपात साहेबांनी आज माझी चकती चारचौघांत वर धरली. "बघा आक्कांचा हात. आरसा." पांढऱ्या पापुद्र्यावर प्लॅटिनमची काळी भुकटी लेपायची, ती चकती गॅसच्या मीटरात बसते, तिच्यामागं ॲसिड. विषारी गॅस चकतीतनं आत शिरला की काटा उठतो. लेपणारी मी एकटी. सारवायची सवय, म्हणून बोटानं घासून गुळगुळीत करते.

५ मार्च
श्रीपती येऊन गेला, धाकटा भाऊ. सांगलीकडं साखर कारखान्यात हाय. हंगाम संपला की मळीची टाकी धुवायला आत उतरतो. म्हणला, "यंदा तुमचंच मीटर घेणार हायत. कंदील सोडून बगायचं बंद."
"कंदील इझला तर काय करता रं?"
"आत कोन असंल तर वढून काढायचा." वर दात काढतोय.

७ मार्च
साहेब लोणंदला. तपासणीच्या बाईंनी बरणीत कुजक्या अंड्याच्या वासाचा गॅस केला, मळीच्या टाकीत असतो तो. माझी घासलेली चकती लावून आकडे मोजले. साठ मोजल्यावर काटा उठला. एक चकती घासायची राहिलेली, ओबडधोबड. ती दहा मोजताच. तीनदा केलं, तेच.
मीच घासून भोकं बुजवली. गॅस शिरंल कुठनं? साठ मोजंपातुर माणूस आडवा.

८ मार्च
साहेबांना सांगितलं. म्हणाले, "खरबरीत चकतीतून ॲसिड झिरपतं. आणि गिऱ्हाइकाला चकाकी लागते."
"मीटर काय पोरगी हाय, पावण्यांना दाखवायला?"
"तुम्ही शिकलाय किती?"
"चौथी. साठापातुर मोजता येतं."
बाई खाली बघून हसल्या.

११ मार्च
ॲसिड झिरपतं, तेवढं साहेबांचं खरं. बरणीखाली ओल दिसली. मग घासायचं सोडलं, वर फडकं टाकून नुसतं दाबलं. दोन चिरल्या. तिसरीचा काटा बारा मोजताच उठला, खाली कोरडी. बाई म्हणाल्या, झिरपते का ते आठ दिवस ठेवून बघू.

१४ मार्च
घासलेल्या चकत्यांची मीटरं श्रीपतीच्या कारखान्यासाठी खोक्यात भरली. साहेब म्हणाले, तुमच्या दाबलेल्या चकत्या पुढच्या खेपेला. पुढची खेप म्हंजे श्रीपती उतरून झाल्यावर.
मी खोक्यावर बसले.
"आक्का, उठा. कामावरून काढीन."
"काढा. उद्या चकत्या तुमी लेपा."
गाडी रिकामी गेली. खोकं हितंच.

१६ मार्च, कारखान्यावर
बाईंनी दाबलेल्या चकतीचं मीटर पिशवीत घातलं, मी येष्टीत बसले. साहेबांना इचारलं न्हाई. आठ दिवस झालं न्हाईत. चकती आज कोरडी हाय, उद्याचं ठाव न्हाई. तसं श्रीपतीला तोंडावर सांगितलं. म्हणला, "कंदिलापरीस बरं."
सकाळी टाकी उघडायची. आदी मीटर दोरीनं आत, मग माणूस. दोरी मी धरणार.
इंजिनीयर म्हणले, बायका टाकीवर चढत न्हाईत.
म्हणलं, शिडी धरा.