मधला खांब

६ फेब्रुवारी
सुभेदारांच्या जुन्या गाडीचा डावा मधला खांब, दोन दारांमधला, उघडला. वरून रंग शाबूत, आत पत्र्याचा चिवडा. पेचकस लावला तो मुठीपर्यंत आत गेला. छत ह्याच्यावर, मागचं दार ह्याच्यावर. कापून नवा घालायचा.
दारं-मडगार्डं किती बदलली ते आठवत नाही, पण असले खांब आयुष्यात दोनच कापले. दोन्ही वेळा अब्बा शेजारी उभे होते. आता अब्बा नाहीत. भीती वाटते.
साताऱ्यातल्या दोघा पत्रा ठोकणाऱ्या डेंटरांनी नाही म्हटलं म्हणून सुभेदार अब्बांच्या जुन्या ओळखीनं सांगलीला आले. म्हणाले, "पोरगी झाली तवा दवाखान्यातनं हिच्यातच घरी आणली. आता ती बाळंतपणाला यायचीय. शिरवळास्नं साताऱ्याला हिच्यातच आणणार." सातवा महिना. २५ तारीख ठरलीय.

९ फेब्रु.
गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली, चाकं अधांतरी. चारही घोड्या एका उंचीच्या. आतून अँगलची फुली वेल्ड केली, छत हलू नये म्हणून. महादेवच्या हातून नट पडला. वीस वर्षांचा माझा वेल्डर, खाली बघायचं सोडून सरळ नदीकडच्या कोपऱ्यात गेला. नट तिथंच. आमच्या शेडात पडलेली वस्तू त्याच कोपऱ्यात सापडते. दोघंही हसलो.

११ फेब्रु.
कापला. ग्राइंडर बंद केल्यावर छत कुरकुरलं. थोडंसंच. मी होतो तिथं उभा राहिलो. महादेव म्हणाला, "चाचा, बसा जरा." बसलो नाही. बसलो असतो तर उठलो नसतो.

१७ फेब्रु.
नवा खांब लागला. मागचं दार एका बोटानं बसतंय. आज जेवण गोड लागलं.

१८ फेब्रु.
गाडी चाकांवर घेऊन बाहेर रस्त्यावर काढली. दार लागेना. वर बोट जाईल एवढी फट, खाली पत्र्याला पत्रा घासतोय. परत आत, घोड्यांवर. लागलं. परत बाहेर. नाही.
मग तो नट आठवला.
शेजारच्या गवंड्याकडून पाण्याच्या लेव्हलची नळी आणली. नदीकडचा कोपरा दोन बोटं खाली. पुराचं पाणी शिरलं तेव्हापासून जमीन तिथं बसलीय, शेडात सगळ्यांना माहीत. घोड्या सारख्या, खालची जमीन नाही. खांब कापल्यावर सांगाडा तिकडं कलला आणि मी तो तसाच पक्का केला. नट शोधताना जे आठवतं ते गाडी चढवताना आठवलं नाही.
महादेव : "दाराची कड घासू. वर लांबीची पुट्टी मारली की सपाट. कुणाला कळतंय?"

१९ फेब्रु.
घासली. लिहायची लाज वाटते. दार लागतंय.

२० फेब्रु.
सुभेदार आले. दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. "लय झ्याक." खांबावर थाप मारली.
मग म्हणाले, "तुमचे वडील म्हणायचे, कापलेल्या गाडीत आदी मिस्त्री बसंल, मग मालक. चला, पुलावरनं एक चक्कर मारू."
मी कंबर दुखते म्हणालो. कंबर ठणठणीत आहे. अब्बांनी ऐकलं असतं तर हातातली हातोडी काढून घेतली असती.

२१ फेब्रु.
सकाळीच सुभेदारांना फोन केला. जमीन, घोड्या, घासलेली कड, सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं,
"परत कापावा लागंल?"
"व्हय."
"पयल्यापेक्षा अवघड?"
"व्हय. धरायला पत्रा कमी उरलाय."
"मग कापा. पंचवीसची तारीख हालायची न्हाई. डाक्टरीणबाई त्याच्याफुडं प्रवास नको म्हणत्यात."
रागावले असते तर बरं वाटलं असतं.

२२ फेब्रु.
घोड्यांखाली फळ्या घातल्या. नळीतलं पाणी चारही ठिकाणी सारखं. तीनदा बघितलं, महादेवला बघायला लावलं. दु. ३ ला कापला. ह्या वेळी छत कुरकुरलं नाही, तर त्याचीही भीती.

२३ फेब्रु.
जोडाला आतून पट्टी दिली. घासलेल्या कडेला पत्रा लावला. महादेवनं वेल्ड एका ओळीत मारली.

२४ फेब्रु.
रस्त्यावर दार बसलं. रंगाला वेळ नाही, नुसता प्रायमर. सुभेदार म्हणाले, "पोरगी काय रंग बगाय येत न्हाई."
पुलावरून चक्कर. सुभेदार गाडी चालवत, मी मागं डावीकडं, खांद्याला खांब. परतताना स्पीडब्रेकरवर टक्‌ आवाज आला. एकदाच. त्याच ब्रेकरवरून आणखी तीनदा नेली, आला नाही. महादेव म्हणतो सीटची पट्टी असेल. सीट काढून बघितली, पट्टी घट्ट. जोडही बघितला, कुठं केसाएवढी चीर नाही.
आवाजाचं कारण सापडलं नाही, हे सुभेदारांना सांगितलं. त्यांनी चहा संपवला.
"उद्या तुमी चला. आज बसला तितंच बसायचं, पोरीशेजारी. खंबाटकीचा घाट चढायच्या आदी गाडी थांबवून तुमास्नी इचारीन. तुमी न्हाई म्हनला तर तिला दुसऱ्या गाडीनं न्हेतो."
बायकोनं विचारलं, डबा किती जणांचा. चौघांचा म्हणालो, पोटातलं धरून. त्या पोरीला मी अजून बघितलेलंही नाही.
सकाळी सहाला निघायचं. शिरवळपासून घाटापर्यंत हात खांबावर ठेवून बसणार. गाडी थांबली की ती माझ्याकडं बघणार, सुभेदारही बघणार. हो म्हणायचं की नाही, ते अजून मला माहीत नाही.