गेल्या वर्षीचा आकडा

सोमवार, ९ जून. सकाळी ६.४०. ताईच्या घरी सोफ्यावर, मांडीवर भावजींचा लॅपटॉप.
टॅक्सचा फॉर्म भरला. एकही चूक नाही. शनिवारी मुदत संपते. त्याआधी पावती दाखवली की खोलीवाल्या बाई परताव्याचे पैसे येईपर्यंत खोली राखून ठेवतील. मग या सोफ्याला आणि भावजींच्या घोरण्याला कायमचा रामराम.
शेवटी एकच प्रश्न उरला: ओळख पटवण्यासाठी गेल्या वर्षीचं एकूण उत्पन्न लिहा. पाच मिनिटांचं काम.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
गेल्या वर्षी फॉर्म कागदावर भरून पोस्टाने पाठवला होता. कॉपी ठेवली नाही, कारण माझी स्मरणशक्ती उत्तम आहे. आठवला तो आकडा टाकला. नामंजूर. वेबसाइट मूर्ख आहे.

मंगळवार, १० जून.
भावजींना सहज विचारलं. चहा ढवळत म्हणाले, शून्य टाक. ताईसमोर! वर्षभर टायरच्या दुकानात पाठ मोडून घेतली, त्याची किंमत शून्य? तिथून तडक उठलो. मागून काहीतरी ओरडत होते. ओरडू देत. आजपासून अबोला. लॅपटॉप मात्र वापरणार. त्याने माझं काही बिघडवलेलं नाही.

बुधवार, ११ जून.
टायरवाल्याकडे गेलो. गाडीखालूनच बोलला, तोंडसुद्धा दाखवलं नाही. म्हणाला, पगाराचा आकडा देतो, आधी माझा सतरा नंबरचा पाना दे. कसला कोता माणूस! पाना माझ्याकडेच आहे, पण या भाषेत मागितल्यावर देणार नाही.

गुरुवार, १२ जून.
पासबुकावरून बेरीज केली. तीन वेळा. तीन उत्तरं आली. तिन्ही टाकली. तिन्ही नामंजूर, वर खातं उद्यापर्यंत बंद. ताई म्हणाली, अरे, ह्यांना नीट विचार ना. मी म्हणालो, उपाशी मरेन. ती म्हणाली, मग जेवायला वाढू की नको? जेवलो.

शुक्रवार, १३ जून.
टॅक्स ऑफिस. कारकून नखं कुरतडत म्हणाला, पोस्टाने आलेले गेल्या वर्षीचे गठ्ठे अजून फोडलेलेच नाहीत. आमच्याकडे तुमची नोंदच नाही, तेव्हा शून्य टाका. रांगेतला मागचा माणूस खिदळला. कारकुनाने वर विचारलं, घरात जाणतं कुणी नाही का? ठणकावून सांगितलं, नाही.
हा भावजींना सामील असणार. शून्य टाकणार नाही म्हणजे नाही.

शनिवार, १४ जून.
बाईंचा फोन. पावती? म्हटलं, झालीच समजा. म्हणाल्या, सहापर्यंत थांबते. दिवसभर लॅपटॉपसमोर ताठ बसलो. टाकलं नाही. कणा असावा तर असा.

रविवार, १५ जून. सकाळी ९.१५.
टाकलं. लगेच मंजूर झालं.
खोली काल सव्वासहाला गेली. ताई म्हणते, मंगळवारी भावजी मागून हेच ओरडत होते, की गठ्ठे फोडलेले नसतात, माझंही एकदा असंच झालं होतं. मग पाठलाग करून सांगायला काय झालं होतं?
आज भावजींनी सोफ्यावर नवी उशी आणून ठेवली. याहून मोठा अपमान नाही. उशी मऊ आहे.

खर्च: बसभाडं साठ, चहा वीस.
देणं: उशिराचा दंड पाचशे, भावजींना उशीचे दोनशे, टायरवाल्याला एक पाना.
शिल्लक: भावजींनी सांगितली तेवढीच.