भुलाबाईची गाणी कोणी शिकवली

बाबा, परवा आमच्या जठारपेठेतल्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये आम्ही भुलाबाई बसवली. पोरांना सुट्या आहेत, जरा मोबाईलमधून बाहेर निघतील, म्हणून आम्ही बायांनीच ठरवलं. गाणी मात्र कोणालाच दोनाच्या वर येईनात. मी एकामागून एक सात म्हटली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "किती येतात हो तुमाले. आईनं शिकवली असतील." मी हो म्हटलं. माझी लेक बाजूलाच बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. दुसरीत असताना मी तुमच्यामागे लागले, की आपल्याही घरी भुलाबाई पाहिजे. बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये तेव्हा घरोघरी बसायची. भादव्यापासून कोजागिरीपर्यंत आम्ही पोरी रोज संध्याकाळी या घरून त्या घरी गाणी म्हणत फिरायचो, आणि शेवटी झाकलेला डबा हलवून आतला खाऊ ओळखायचो. ड्युटीवरून आल्यावर तुम्ही शेजारच्या काकूंच्या ओट्यावर बसून गाणी उतरवून घेतली. पोळ्या करता करता ती पाठ केली. कागद पिठाच्या डब्याला टेकवलेला, आणि तुम्ही कडवं विसरलात की पोळी करपायची. आपल्या घरचा खाऊ कोणालाच ओळखू येत नसे, कारण तुम्ही लाडू फडक्यात गुंडाळून ठेवायचे. पोरी डबा कानाशी नेऊन म्हणायच्या, "काका, आवाजच नाही येत." तुम्ही म्हणायचे, "नीट आयका, येते." चार वर्षं पोरी आपल्या घराची वाट पाहायच्या. मीही पाहायचे.

सहावीत वर्गातल्या एका मुलीनं तुमची नक्कल केली. ओढणी डोक्यावर घेऊन, टाळ्या वाजवत, जाड आवाजात. सगळा वर्ग हसला, आणि मीही हसले. त्या संध्याकाळी पोरी आल्या तेव्हा तुम्ही नेहमीसारखे सतरंजीवर बसलेले आहात. मी सगळ्यांसमोर म्हणते, "बाबा, तुमी आत जा. हे बायकांचं असते." तुम्ही "बरं" म्हणून उठता. तिसऱ्या गाण्यात पोरी मधेच अडतात, आणि आतून तुमचा आवाज येतो, हळूच, पुढची ओळ सांगणारा. पोरी एकमेकींकडे पाहून हसतात. मी उठून आत येते. तुम्ही लाडू फडक्यात बांधून राहिलात. मी म्हणते, "मले लाज वाटते तुमची."

तुम्ही माझ्याकडे न पाहता एवढंच म्हणालात, "हळू बोल. पोरी आयकतीन." मग डबा माझ्या हातात दिला.

पुढच्या वर्षी विचारलंत, "मूर्ती आणू?"

"नको."

"काहून?"

"अभ्यास असते."

पुन्हा विचारलं नाहीत. आणि मी ते लाज वाटण्याचं वाक्य कधी परत घेतलं नाही. शेवटी दवाखान्यात अकरा दिवस तुमच्या उशाशी होते. औषधं, पेन्शनचे कागद, क्वार्टरमधल्या लोकांची खुशाली, सगळं बोलून झालं. तुम्ही शुद्धीवर होता, वेळही भरपूर होता. मी संत्री सोलत राहिले.

परवा लिफ्टमध्ये लेकीनं विचारलं, "आई, तुझी आई तर तू लहान असतानाच गेली ना? मग कोणी शिकवली?" मी म्हटलं, "सांगीन मग." खरं सांगायला काय हरकत होती? आता कोणी हसलं नसतं. उलट सगळ्या म्हणाल्या असत्या, काय बाप होता हो तुमचा. आणि ते कौतुक मी मान खाली घालून घेतलं असतं, जसं काही मी नेहमीच तुमच्या बाजूनं होते. ते टाळलं म्हणून मी प्रामाणिक ठरत नाही, बाबा. मला फक्त पुढचा प्रश्न नको होता. मग आजोबांनी बंद काहून केलं, असं तिनं विचारलंच असतं.

दोन दिवस झाले, तिनं पुन्हा विचारलेलं नाही. ती विसरली असेल तर बरं, असं मला मनातून वाटते.